‘मुका मार’ म्हणून हात गमावू नका!

शेतमजुराजवळ सातबारा नसतो, बँकेत ठेव नसते, घरात सोने नसते. त्याच्याजवळ भांडवल असते ते दोन हातांचे. या दोन हातांवर त्याची चूल पेटते, मुलांच्या शाळेची फी भरली जाते, म्हाताऱ्या आईबापांचे औषध येते. या हाताच्या मध्यभागी असलेले बिजागर म्हणजे कोपर. दारातले बिजागर गंजले तर दार उघडत नाही, कोपर आखडले तर विळा चालत नाही आणि घासही तोंडापर्यंत पोहोचत नाही. असे असताना कोपराला मार लागला की आपल्या वस्त्यांमध्ये पहिला शब्द ऐकू येतो तो म्हणजे ‘मुका मार’! वरून जखम दिसत नाही, रक्त आलेले नाही, हात वाकडा झालेला नाही, मग तो मुका मार. हळद लावा, शेक द्या, चोळा, आठ दिवसांत जाईल. हा एक शब्द कष्टकऱ्यांच्या अनेक हातांचे नुकसान करतो. म्हणून त्याचा गंभीरपणे विचार होणे गरजेचे आहे.

हा प्रश्न वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात मांडण्याला कारण आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, मालेगाव, रिसोड, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख आणि त्यातील ८२ टक्के लोक खेड्यात राहणारे. अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे १९ टक्के, म्हणजे राज्याच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त. २०१८ साली नीती आयोगाने देशातील मागे राहिलेले जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यात महाराष्ट्रातील चार जिल्हे होते आणि त्या चारांत वाशिम होता. उद्योग नाहीत, मोठे कारखाने नाहीत. आहे ती सोयाबीन, तूर, हरभऱ्याची शेती आणि त्या शेतीत दुसऱ्याच्या धुऱ्यावर राबणारा भूमिहीन माणूस. अशा जिल्ह्यात हाताची किंमत काय असते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आठवून पहा. पाऊस उघडला की सगळ्यांची घाई एकाच वेळी सुरू होते. एकरी गुत्ता घेऊन मजुरांच्या टोळ्या पहाटेपासून शेतात उतरतात. काळी माती ओली, धुरे निसरडे. डोक्यावर ओझे असताना पाय घसरला तर माणूस आपोआप हात पुढे करतो आणि शरीराचा सगळा भार तळहातावरून कोपरावर जातो. गंजीवरून पडणे, ट्रॉलीतून पडणे, मळणी यंत्राच्या पट्ट्यात कपडा अडकून हात ओढला जाणे, रात्री मोटारसायकल खड्ड्यात जाऊन आपटणे, म्हातारी बाई अंगणात घसरणे, ही सगळी कोपर मोडण्याचीच कारणे आहेत. प्रौढ माणसाचे हाड लहान मुलासारखे लवकर जुळून येत नाही. उतारवयात, विशेषतः पाळी बंद झालेल्या बायांची हाडे ठिसूळ होतात. तेव्हा साध्या पडण्यानेही कोपराच्या वरचा भाग मोडू शकतो.

आता कोपरात नेमके काय मोडते ते समजून घेऊ. हे ज्ञान डॉक्टरांपुरतेच राहावे असा काही नियम नाही. कोपरात तीन हाडे एकत्र येतात. वरून येणारे दंडाचे हाड, त्याला ह्यूमरस म्हणतात. खालून येणारी दोन हाडे, अंगठ्याच्या बाजूचे रेडियस आणि करंगळीच्या बाजूचे अल्ना. टेबलावर कोपर टेकवले की जे टोक टोचते ते अल्नाचे टोक. रेडियसच्या वरच्या टोकाला चकतीसारखा गोल भाग असतो, त्याला रेडियसचे डोके म्हणतात. तळहात वर-खाली फिरवताना हीच चकती फिरते. प्रौढांमध्ये कोपराच्या फ्रॅक्चरपैकी सर्वात जास्त आढळणारे फ्रॅक्चर या रेडियसच्या डोक्याचे किंवा मानेचे असते आणि ते पसरलेल्या हातावर पडल्याने होते. दुसरे अल्नाच्या टोकाचे, ते सरळ कोपरावर आपटल्याने होते. तिसरे दंडाच्या हाडाच्या खालच्या टोकाचे. हे सर्वात अवघड, कारण त्यात हाडाचे अनेक तुकडे होऊ शकतात आणि सांध्याचा गुळगुळीत पृष्ठभागच फुटतो.

या तिघांतले पहिले फ्रॅक्चर सर्वात फसवे आहे. रेडियसच्या डोक्याला गेलेला तडा बारीक असेल तर हात वाकडा दिसत नाही, सूज बेताची असते, बोटे हलतात. रुग्ण चालत दवाखान्यात येतो. इतकेच नव्हे तर पहिल्या एक्स-रेमध्येही तो तडा कित्येकदा दिसत नाही. मग हे फ्रॅक्चर ओळखायचे कसे? यासाठी वैद्यकशास्त्राने एक खूण शोधून ठेवली आहे. कोपराच्या सांध्याच्या आत, हाडाला लागून चरबीच्या लहान गाद्या असतात. हाड आतून मोडले की सांध्यात रक्त साचते आणि ते रक्त या चरबीला बाहेर ढकलते. बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये हाडाच्या पुढे जहाजाच्या शिडासारखी काळसर सावली उचललेली दिसते. हाडाच्या मागे अशी सावली निरोगी कोपरात दिसतच नाही. ती दिसली तर सांध्यात काहीतरी बिघडले आहे हे नक्की. मार लागलेल्या प्रौढ माणसाच्या एक्स-रेत मागची सावली दिसते पण तडा दिसत नाही, तेव्हा रेडियसच्या डोक्याला लपलेले फ्रॅक्चर आहे असे धरून उपचार करायचे आणि सात ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायचा, हा नियम आहे. म्हणजे हाड बोलत नसले तरी त्याच्या शेजारची चरबी साक्ष देते. पण ती साक्ष ऐकायला प्रशिक्षित डोळा लागतो. तो नसेल तर रुग्णाच्या हातात पडतो तोच जुना शब्द, मुका मार.

एक्स-रे काढला म्हणजे निदान झाले, हा आपल्या समाजातला मोठा गैरसमज आहे. एक्स-रे ही फक्त सावली आहे. एका बाजूने काढलेली सावली दुसऱ्या बाजूचे सत्य लपवते. म्हणून कोपराचे निदान दोन चित्रांशिवाय होत नाही. एक समोरून, हात शक्य तेवढा सरळ करून, तळहात वर ठेवून. दुसरे बरोबर बाजूने, कोपर काटकोनात वाकवून. हे दुसरे चित्र जरा तिरके आले तरी चरबीची सावली नीट दिसत नाही. शंका राहिली तर रेडियसच्या डोक्यासाठी तिरके तिसरे चित्र काढता येते. चित्र वाचताना एक साधी रेषा मनात ओढायची असते. रेडियसच्या दांड्याच्या मधोमध ओढलेली रेषा, चित्र कोणत्याही बाजूचे असो, दंडाच्या हाडाच्या खालच्या गोल भागातूनच गेली पाहिजे. ती चुकली तर रेडियस जागेवरून सरकले आहे. इटलीच्या मोंतेजा या शल्यचिकित्सकाने १८१४ मध्ये असा प्रकार वर्णन केला. त्यात अल्ना मोडते आणि रेडियसचे डोके निसटते. मनगटापासून अर्ध्या हाताचाच एक्स-रे काढला तर मोडलेली अल्ना दिसते, प्लॅस्टर होते आणि वर निसटलेले डोके तसेच राहते. काही महिन्यांनी रुग्णाचा हात वळत नाही आणि दोष दिला जातो त्याच्या नशिबाला. नशिबाला दोष देण्याची सवय आपल्याला हजारो वर्षे लावण्यात आली आहे. इथे दोष नशिबाचा नाही, एका न काढलेल्या चित्राचा आहे!

एक्स-रे कोणाला हवा आणि कोणाला नको, यावरही अभ्यास झालेला आहे. इंग्लंडमधील काही रुग्णालयांत कोपराला मार लागलेल्या १७४० प्रौढ व मुलांची तपासणी झाली आणि २००८ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना हात पूर्ण सरळ करता येत नव्हता त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना फ्रॅक्चर निघाले. ज्यांचा हात पूर्ण सरळ होत होता त्यांच्यात हे प्रमाण अगदी थोडे होते. ही परीक्षा कोणत्याही गावात, कोणत्याही आशाताईला, कोणत्याही मुकादमाला करता येण्यासारखी आहे. दोन्ही हात समोर पसरून कोपरे कुलूप लागल्यासारखी पूर्ण सरळ करायला सांगा. मार लागलेला हात दुसऱ्या हाताएवढा सरळ होत नसेल तर तो मुका मार समजू नका, एक्स-रे काढा. हात सरळ झाला तरी पाच-सात दिवसांत दुखणे कमी झाले नाही तर पुन्हा दाखवा. या परीक्षेला पैसा लागत नाही.

आता उपचाराकडे वळू. कोपर मोडले की सहा आठवडे प्लॅस्टर, असे सरसकट मानले जाते. कोपराच्या बाबतीत हे धोक्याचे आहे. शरीरातील सांध्यांमध्ये कोपर लवकर आखडणाऱ्यांपैकी आहे. रेडियसच्या डोक्याला बारीक तडा असेल आणि तुकडा सरकलेला नसेल तर हात काही दिवस झोळीत ठेवायचा आणि दुखणे सोसेल तसा लवकरात लवकर हलवायला सुरुवात करायची, हाच योग्य उपचार. अशा रुग्णाला दीड महिना प्लॅस्टरमध्ये डांबले तर हाड जुळते, पण हात गोठतो. याउलट अल्नाचे टोक तुटून सरकले असेल तर नुसत्या प्लॅस्टरने भागत नाही. दंडाच्या मागचा स्नायू त्या टोकाला वर ओढत राहतो. तिथे तारेने किंवा पट्टीने हाड बांधण्याची शस्त्रक्रिया लागते. दंडाच्या हाडाचे खालचे टोक फुटले असेल तर दोन्ही बाजूंनी पट्ट्या बसवाव्या लागतात आणि हे काम अनुभवी अस्थिशल्यचिकित्सकाचे आहे. तुकड्यांची मांडणी समजायला तिथे सीटी स्कॅनही लागतो. थोडक्यात, कोणाला झोळी पुरते, कोणाला शस्त्रक्रिया लागते आणि कोणाला व्यायाम, हे एक्स-रे नीट वाचल्याशिवाय ठरत नाही. चुकीच्या निदानाने साध्याचे अवघड होते आणि अवघडाचे अपंगत्व होते.

इथेच हाड बसवून देणाऱ्यांचाही विचार केला पाहिजे. अनेक गावांत आजही मार लागला की माणूस आधी त्याच्याकडे जातो. तो जवळ असतो, उधारीवर काम करतो, आपुलकीने बोलतो. दवाखान्यात हे तिन्ही मिळत नाही, हे सत्य नाकारून चालणार नाही. त्यामुळे त्याच्याकडे जाणाऱ्याला अडाणी म्हणून हिणवणे हा शहरी शहाणपणा झाला. पण विज्ञान काय म्हणते तेही ऐकले पाहिजे. मार लागलेले कोपर चोळल्याने, जोर लावून ओढल्याने सांध्याभोवतीच्या स्नायूत नवे हाड तयार होऊ शकते आणि कोपर कायमचे अडकू शकते. कामट्या लावून करकचून बांधल्याने सुजेला जागा राहत नाही, रक्तपुरवठा तुटतो आणि हाताचे स्नायू मरून बोटे वाकडी होतात. बोटे थंड पडणे, निळी-पांढरी होणे, मुंग्या येणे, करंगळी बधिर होणे, बोटे सरळ करताना असह्य कळ येणे, ही लक्षणे दिसली की पट्टा असो की प्लॅस्टर, तो ताबडतोब सैल करून रुग्णालय गाठले पाहिजे. सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. बुद्धी आणि अनुभवावर तपासून घेतल्याशिवाय काही स्वीकारू नये, ही आपली परंपरा आहे. ती शरीराच्या दुखण्यालाही लागू होते.

कोपर किती हलले म्हणजे ते ‘ठीक’ समजायचे? अमेरिकेतील मॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ३३ निरोगी माणसांकडून रोजच्या १५ हालचाली करवून हे मोजले. ३० अंशांपासून १३० अंशांपर्यंत कोपर वाकले तर बहुतेक दैनंदिन कामे होतात, हा त्यांचा निष्कर्ष जगभर वापरला जातो. पण त्या हालचाली कोणत्या होत्या? जेवणे, दार उघडणे, टेलिफोन कानाला लावणे, खुर्चीतून उठणे. त्यात विळ्याने सोयाबीन सोंगणे नव्हते, पन्नास किलोचे पोते पाठीवर घेणे नव्हते, विहिरीचे पाणी शेंदणे नव्हते, डोक्यावर टोपले तोलून विटा वाहणे नव्हते. टेबल-खुर्चीवर काम करणाऱ्याचे कोपर १०० अंश फिरले तर त्याची नोकरी शाबूत राहते. मजुराच्या हातात तेवढेच अंश असले, पण ताकद नसली तर दुसऱ्या दिवशी टोळीत त्याला घेत नाहीत. म्हणून ‘हाड जुळले, आता घरी जा’ असे सांगून उपचार संपत नाही. तिथून खरा उपचार म्हणजे व्यायाम सुरू होतो. खेड्यातल्या माणसाला तो शिकवायला भौतिकोपचार तज्ज्ञ कुठे आहे, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे.

हा प्रश्न दयेचा नाही, हक्काचा आहे. पश्चिम बंगालमध्ये शेतमजुरांच्या एका संघटनेचा सदस्य ८ जुलै १९९२ रोजी रेल्वेतून पडला. त्याला एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्यात फिरवण्यात आले. एका ठिकाणी त्याच्या कवटीचे एक्स-रेसुद्धा काढले गेले, गंभीर दुखापत असल्याचे दिसलेही. पण खाट नाही म्हणून दाखल करून घेतले नाही. शेवटी खाजगी रुग्णालयात त्याला सुमारे १७ हजार रुपये मोजावे लागले. पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट निकाल दिला. गरजू माणसाला वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे आणि पैशाची अडचण सांगून राज्याला ही जबाबदारी टाळता येणार नाही. त्याला २५ हजार रुपये भरपाई देण्याचा आदेशही झाला. कलम ४७ नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या प्राथमिक कर्तव्यांपैकी आहे. या खटल्यातून घेण्यासारखा धडा हाच की, एक्स-रे निघणे आणि उपचार मिळणे यात अंतर असते आणि ते अंतर गरिबालाच पार करावे लागते.

महाराष्ट्रात तरतुदी नाहीत असे नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासण्या व उपचार निःशुल्क करण्यात आले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हाडांच्या शस्त्रक्रिया आहेत. तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवण्यात आली. पण शस्त्रक्रियेनंतर तीन-चार महिने बुडणाऱ्या मजुरीचे काय? शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने अपघात अनुदान योजना आहे, तिचा आधार सातबारा. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मजूर, ज्याचा हात त्याच शेतात मोडला, त्या योजनेच्या बाहेर! शिवाय तिथे अवयव जाणे मोजले जाते, अवयव आखडणे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात बहुतेक लाभांसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट आहे. कोपर अर्धवट वळते म्हणून तेवढे टक्के भरतीलच असे नाही. म्हणजे कामासाठी तो अपंग आणि कागदावर मात्र धडधाकट!

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना अदारकर यांच्याकडून तयार करून घेण्यात आली. १९४४ मध्ये अहवाल आला आणि १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याचा तो पाया ठरला. दुखणाऱ्या कामगाराला उपचार तर हवाच, पण बुडालेल्या मजुरीच्या बदल्यात रोख रक्कमही हवी, हे तत्त्व त्यात आहे. कारखान्याच्या कामगाराला जे तत्त्व लागू झाले ते शेतमजुराच्या दारापर्यंत आजही आलेले नाही. १९८३ मध्ये संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. मळणी यंत्रावर जखमी झालेल्या मजुराला भरपाई, हा त्याचा एक हेतू होता. सोंगणीच्या हंगामात या कायद्याचे नाव कोणत्या टोळीला माहीत आहे?

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात वाशिमचे १०० जागांचे महाविद्यालय आहे. आजवर अवघड रुग्णाला सुमारे ८० किलोमीटरवरील अकोल्याची वाट दाखवली जायची. आता जिल्ह्यातच अस्थिरोग आणि क्ष-किरण विभाग उभे राहण्याची संधी आहे. पण केवळ इमारतीने हाड जुळत नाही. आपली मागणी नेमकी असली पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात एक्स-रे यंत्र तर हवेच, पण ते चालवणारा तंत्रज्ञ हंगामात रात्रीही हवा. चित्रे आता डिजिटल निघतात, ती वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञाकडे पाठवून त्याच दिवशी लेखी अहवाल मागवता येतो. तशी कायम व्यवस्था जिल्ह्यात हवी. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तालुक्याला भौतिकोपचार तज्ज्ञ हवा. आणि भूमिहीन मजुराला, सातबारा न मागता, अपघातानंतर बुडालेल्या मजुरीची भरपाई हवी. या चार मागण्या ग्रामसभेत ठराव करून, लेखी निवेदन देऊन, पोच घेऊन मांडता येतात.

तोपर्यंत एवढे तरी प्रत्येकाने करावे. कोपराला मार लागला की सूज चढण्याआधी बांगड्या, कडे, अंगठी, मनगटाचा दोरा काढून टाका. हात जसा आहे तसाच, न ओढता, जाड पुठ्ठ्यावर ठेवून उपरण्याने किंवा ओढणीने गळ्यात बांधा. चोळू नका. जखमेतून हाड दिसत असेल तर स्वच्छ कपड्याने झाकून थेट मोठे रुग्णालय गाठा. एक्स-रे दोन बाजूंनी काढला का, हे विचारा. फिल्म आणि अहवाल मागून घ्या व जपून ठेवा. शस्त्रक्रिया सांगितली तर आरोग्यमित्राला भेटून फुले योजनेची चौकशी करा. प्लॅस्टर किती दिवस आणि व्यायाम कधीपासून, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. प्रश्न विचारणाऱ्या रुग्णावर कोणी डाफरले तर घाबरू नका, तो तुमचा हक्क आहे.

विल्हेल्म रंटगेन या जर्मन शास्त्रज्ञाने ८ नोव्हेंबर १८९५ रोजी क्ष-किरण शोधले. या शोधाचे पेटंट घेऊन तो अब्जाधीश झाला असता. त्याने पेटंट घेतले नाही, कारण शोधाचा लाभ सगळ्या माणसांना मिळावा असे त्याला वाटत होते. १९०१ चे भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. ज्ञान सर्वांसाठी खुले करणाऱ्या त्या माणसाचा किरण १३० वर्षांनंतरही मानोऱ्याच्या, मालेगावच्या मजुराच्या कोपरापर्यंत वेळेवर पोहोचत नसेल, तर अडथळा किरणात नाही, व्यवस्थेत आहे. तो दूर करण्यासाठी आधी आपल्याच तोंडातला ‘मुका मार’ हा शब्द बंद झाला पाहिजे. मार मुका असेल, मजुराने मुके राहून चालणार नाही.